दोन्या कुकाचा निरोप

तेकोलोते गावात कुणाच्या घरून निघायचं असेल तर त्यासाठी वेगळा वेळ काढून यावं लागतं. पाहुणा म्हणतो, “बरं, निघतो आता.” घरचे म्हणतात, “इतक्यात?” पाहुणा जागच्या जागी जरा हलतो आणि पुन्हा टेकतो. बऱ्याच वेळानं तो खरोखर उठला की सगळं घर उठतं आणि मिठ्या सुरू होतात. उंबऱ्यावर कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाचा विषय निघतो, अंगणात कुणाच्या तरी गुडघ्यांचा. फाटकाशी आल्यावर लक्षात येतं की वाटेसाठी काही बांधूनच दिलेलं नाही. मग सगळे परत आत जातात, आणि आत गेल्यावर बसावं तर लागतंच.

या कलेत दोन्या कुकाचा हात धरणारं सगळ्या डोंगरात कुणी नव्हतं. दोन्या म्हणजे मानानं बाई, कुका हे लाडाचं नाव; खरं नाव रेफुहियो आराम्बुला, पण त्या नावानं तिला फक्त पाद्री आणि वीज खात्याचा माणूस हाक मारायचा. बुटकी, रुंद, साठी ओलांडलेली बाई. जन्मभर मक्याचं पीठ मळून दंड असे झालेले की तिनं मिठी मारली म्हणजे माणसाच्या पाठीतून कटकन आवाज यायचा. चर्चची घंटा वाजवणारे दॉन लिबोरियो शपथेवर सांगत, की त्यांचं कंबरेचं जुनं दुखणं ईस्टरच्या दिवशी दोन्या कुकाच्या मिठीत बरं झालं. नंतर मानेचं सुरू झालं, ते वेगळं.

तिचं लग्नही निरोपातूनच जमलेलं. त्रान्सितो नावाचा उंच, अबोल सुतार उत्तरेकडे सरहद्दीपलीकडे कामाला निघाला होता. रीत म्हणून तो कुकाच्या वडिलांचा निरोप घ्यायला आला. कुकानं कॉफी ठेवली. कॉफीनंतर मक्याच्या पोळ्या, म्हणजे तोर्तिया झाल्या, तोर्तियांनंतर आजोबांचे किस्से झाले, आणि खालच्या रस्त्यावरून आठवड्याची एकमेव बस हॉर्न वाजवत निघून गेली. “पुढच्या आठवड्यात जाईन,” त्रान्सितो म्हणाला. पुढच्या आठवड्यात पुन्हा निरोप घ्यायला आला. असे तीन-चार निरोप झाल्यावर कुकाच्या वडिलांनीच त्याला विचारलं, “अरे बाबा, तू जाणार आहेस की माझा जावई होणार आहेस? दोन्हींपैकी एक काहीतरी लवकर कर.”

म्हातारपणी त्रान्सितो आजारी पडला तेव्हा पाद्र्यानं येऊन शेवटचे विधी केले आणि अख्खं गाव निरोपाला लोटलं. दोन्या कुकानं सगळ्यांसाठी बकऱ्याच्या रश्श्याचं मोठं पातेलं चढवलं. त्या वासानं त्रान्सितो उठून बसला आणि वाडगाभर ओरपला. असं दोनदा झालं. तिसऱ्या वेळी तो खरंच गेला, पण रस्सा पिऊनच गेला. “घाई म्हणून केली नाही माझ्या माणसानं,” दोन्या कुका अभिमानानं सांगायची.

मागे राहिलं ते त्याचं टेबल. एका प्रचंड झाडाच्या सलग खोडातून त्यानं ते लग्नाच्या वर्षी घडवलं होतं. इतकं लांब, की पुढे त्याच्यावर मांडव घालावा लागला. “डझनभर पोरं बसली पाहिजेत,” तो म्हणाला होता. पोर झालं एकच. तो हासिंतो मोठा होऊन ग्वादालाहाराला नोकरीला गेला. त्रान्सितो गेल्यावर दोन्या कुका त्या टेबलाच्या एका टोकाला एकटी जेवायला बसायची. दुसरं टोक तिला चष्मा लावल्याशिवाय नीट दिसत नसे.

अशात ते नाकतोडे आले.

नाकतोडे हे गावानं ठेवलेलं नाव. उघड्या, मोठ्या चाकांच्या, उड्या मारत चालणाऱ्या त्या गाड्या. वायार्ताच्या समुद्रकाठावरून परदेशी पाहुण्यांना घेऊन त्या नदीतून, दगडगोट्यांतून, चिखलातून डोंगर चढून येत. पहिल्या गाडीत वाटाड्या नाबोर तोवार, दोन्या कुकाच्या मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरणारा धर्मपिता. तिथल्या रीतीनं तो तिचा कोंपाद्रे आणि ती त्याची कोमाद्रे. सख्ख्या भावाशी भांडता येतं, कोंपाद्रेशी येत नाही, असं ते नातं. नाबोरनंच गाड्यांच्या मालकाला सांगितलं होतं, “डोंगरात गाडी हाणून पाहुण्यांची हाडं खिळखिळी होतात. ती परत बसवणारी बाई मला माहीत आहे.”

घरामागच्या उतारावर जिच्यापासून तेकिला गाळतात त्या निळसर अगाव्हेची रोपं आणि त्रान्सितोची जुनी भट्टी होती. भट्टी आता धाकटा दीर सांभाळायचा, पण चव देण्याचा मान दोन्या कुकाचा. धुळीनं माखून फक्त दात पांढरे उरलेले पाहुणे त्या लांब टेबलाशी बसले की ती छोट्या प्याल्यांतून तेकिला ओतायची आणि नाबोर तिचं बोलणं पाहुण्यांच्या भाषेत सांगायचा.

“घशात भिरकावू नका. हे औषध नव्हे. ओठ लावा, मुका घ्या, मग श्वास सोडा. हां! हा पांढरा म्हणजे विशीतला पोरगा, नुसता ओरडतो. हा पिंपात थोडा मुरलेला, याचं लग्न झालंय. आणि हा जुना. विधुर आहे. कमी बोलतो, पण बोलला की ऐकावं.”

सोबत गरम तोर्तिया, ताजं चीज, पाट्यावर वाटलेली झणझणीत चटणी. शेजारची ऑब्दुलिया कॉफी करायची, दीर पाहुण्यांना भट्टी दाखवायचा, गावातल्या म्हाताऱ्या उगाच येऊन बसायच्या. टेबल दोन्ही टोकांपर्यंत भरायचं. दुसऱ्या टोकाला कोण बसलंय ते बघायला दोन्या कुका मुद्दाम चष्मा लावायची.

सगळं छान होतं, फक्त पाहुणे परत जात नव्हते.

म्हणजे उठायचे. पण उठले की मिठ्या, मिठ्यांनंतर उंबरा, उंबऱ्यानंतर अंगण, फाटकाशी बांधून द्यायच्या खाऊची आठवण, आणि पुन्हा आत. नाबोर हॉर्न वाजवून वाजवून थकायचा आणि मग स्वतःच येऊन बसायचा. एकदा तर धक्क्यावरचं पर्यटकांचं जहाज शिडी उचलायच्या बेतात असताना एक नवराबायको धावत पोचले. नवऱ्याच्या काखेत भोपळा होता. दोन्या कुकानं दिलेला.

दुसऱ्याच दिवशी मालक दॉन हिल्दार्दो पेरेग्रिना स्वतः डोंगर चढून आले. इस्त्रीचा शर्ट, हातात फोन, आणि कायम त्यातल्या घड्याळावर नजर.

“दोन्या कुका, तुमच्या पाहुणचाराबद्दल तक्रार नाही. पण माझी माणसं जिवंत असून परत येत नाहीत! हमरस्त्यावर एकानं जागा देऊ केली आहे. प्लास्टिकचे निवडुंग, पिस्तुलाच्या आकाराच्या बाटल्या. लोक उतरतात, पितात, फोटो काढतात, चालते होतात.”

“निरोप न घेता?” दोन्या कुकानं छातीवर क्रूस काढला.

“निरोप न घेता! शनिवारी मी तुकडीबरोबर येतोय. ऊन त्या समोरच्या कड्यावरून उतरायच्या आत पाहुणे गाड्यांत बसून निघाले, तर गाड्यांचा थांबा इथंच राहील. नाहीतर पुढच्या आठवड्यापासून हमरस्ता.”

एवढं बोलून ते निघाले. म्हणजे निघतो म्हणाले. फाटकाबाहेर पडेपर्यंत दोन कप कॉफी झाली, पण हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

संध्याकाळी गाव टेबलाभोवती जमलं.

“कोमाद्रे,” नाबोर म्हणाला, “एकदाच हात हलवा, ‘देव सांभाळो’ म्हणा, संपलं. काय अवघड आहे?”

“तू करून दाखव. गेल्या रविवारी माझ्याकडून निघालास तो कुठल्या जेवणाला घरी पोचलास रे?”

नाबोरनं कॉफीचा रिकामा कप पुढे केला.

“मी घंटा वाजवतो,” दॉन लिबोरियो म्हणाले. “आग लागल्याची. सगळे पळतील.”

“पाहुणे पळतील, आणि गाव बादल्या घेऊन इथं येईल. मग त्यांना कॉफी कोण देणार?” ऑब्दुलिया म्हणाली.

“मी आत जाऊन दार लावून बसते,” दोन्या कुका हळूच म्हणाली. तिला दाराआड कोंडलेली कल्पून दॉन लिबोरियोंच्या डोळ्यांत पाणी आलं.

सगळे गेल्यावर (त्यालाही वेळ लागलाच) ती टेबलावरून हात फिरवत बसली. पाहुण्याला निरोपाशिवाय वाटेला लावणं म्हणजे त्याला न जेवू घालता पाठवण्यासारखं. ते या टेबलावर व्हायचं नाही. पण हे टेबल पुन्हा रिकामं होणं? या टोकाला एक ताट आणि तिकडे नुसती लांबी? त्यापेक्षा त्रान्सितोनं स्टूल केलं असतं तर बरं.

आणि तिला हासिंतो आठवला. आईला पुरतं ओळखून असलेला तो शहाणा पोरगा सुट्टीला घरी आला आणि सोमवारी कामावर हजर व्हायचं असेल तर शनिवारीच निरोप घ्यायला सुरुवात करायचा. रविवार मग मोकळा. दोन्या कुकानं टेबलावर अशी थाप मारली की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या.

शनिवारी नाकतोडे धूळ उडवत आले. पहिल्या गाडीतून कॅनडाची एक ताडमाड, पांढऱ्या केसांची बाई उतरली, आणि तिचे पाय जमिनीला लागतात न लागतात तोच दोन्या कुकानं तिला कवटाळलं.

“चाललीस बाई? इतक्यात? जीव तुटतो गं माझा!”

“काय म्हणतात त्या?” बाईनं घाबरून नाबोरला विचारलं.

“तुम्ही जाताय म्हणून त्यांना वाईट वाटतंय.”

“पण मी आत्ता आले!”

“हो. म्हणूनच जास्त वाईट वाटतंय.”

मागोमाग गाव तुटून पडलं. ऑब्दुलिया एका नवविवाहित जोडप्याच्या गळ्यात पडून रडत होती. दॉन लिबोरियो एका दाढीवाल्याला गुडघ्यांविषयी विचारत होते. फाटकाशी सगळ्यांच्या हातांत वाटेच्या खाऊची पुडकी पडली, लगेच गाड्यांत ठेवलीही गेली. मग रीतीप्रमाणे सगळे परत आत आले, आणि आत आल्यावर बसावं लागतंच म्हणून टेबलाशी बसले.

“झालं!” दोन्या कुकानं मोठं काम उरकल्यासारखा श्वास सोडला. “आता निवांत प्या.”

अशी दुपार त्या टेबलानं पूर्वी पाहिली नव्हती. निरोपाचं ओझं कुणाच्याच डोक्यावर नव्हतं. विशीतला पोरगा ओरडला, लग्न झालेला हसला, विधुर बोलला आणि सगळ्यांनी ऐकलं. कॅनडाच्या बाईनं चटणीचा दुसरा वाडगा मागितला तेव्हा गावानं टाळ्या वाजवल्या.

कड्यावरचं ऊन पिवळं झालं. नाबोरनं एकदाच हॉर्न दिला आणि पाहुणे उठून चालू लागले. दोन्या कुका स्वतःचे हात मांडीखाली दाबून बाकावर बसून राहिली. गाव श्वास रोखून उभं. इतक्यात कॅनडाची बाई वळली, हात पसरले आणि परत येऊ लागली.

“आई गं,” ऑब्दुलिया पुटपुटली.

दोन्या कुकाचे हात मांडीखालून निम्मे बाहेर आले. तिनं ते परत दाबले. “झालंय, बाई, आपलं झालंय!” ती गदगदून ओरडली. “मगाशीच पोटभर झालंय. पळ!”

नाबोरनं भाषांतर केलं. बाई खदखदून हसली, वाऱ्यावर एक मुका सोडला आणि गाडीत चढली. इंजिनं गुरगुरली. कड्यावर ऊन अजून चांगलं हातभर होतं.

“दॉन हिल्दार्दो!” नाबोर ओरडला. “मालक, चला!”

दॉन हिल्दार्दो खुशीत होते. ते आले होते शेवटच्या गाडीतून, आणि उतरल्याउतरल्या फोनला रेंज शोधत टेकाडावर गेले होते. खाली आले ते थेट विधुराशी ओळख करून घ्यायला. आता ते हात पुढे करून म्हणाले, “जिंकलात, दोन्या कुका. बरं, मी निघतो.”

दोन्या कुका त्यांच्याकडे बघतच राहिली. गावही बघत राहिलं. या माणसाला आल्याआल्या निरोप दिलाच नव्हता.

“इतक्यात?” ती म्हणाली. तिच्या हातात नव्हतं ते. हातात होते ते मालकाचे दोन्ही खांदे.

“कोमाद्रे!” नाबोर कळवळला.

“तू पाहुणे घेऊन जा!” तिनं मान न वळवता फर्मावलं. “पाहुण्यांची अट होती. हे तर घरचे!”

मालकाच्या पाठीतून कटकन आवाज आला. नाकतोडे उड्या मारत उतरणीला लागले, कड्यावरून शेवटचं ऊन सरकायच्या कितीतरी आधी. गावानं टोप्या हवेत उडवल्या. दॉन लिबोरियोंनी राहवेना म्हणून घंटा वाजवलीच, आणि वरच्या वाडीतली माणसं बादल्या घेऊन आली. त्यांनाही कॉफी झाली.

दोन दिवसांनी नाबोर रिकामी गाडी घेऊन वर आला. लांब टेबल भरलेलं होतं. मधोमध दॉन हिल्दार्दो, अंगात त्रान्सितोचा जुना सदरा, मांडीवर ऑब्दुलियाचा नातू. काल प्रार्थनेनंतर त्याच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता कमी पडत होता, त्यामुळे मालक आता ऑब्दुलियाच्या मुलाचे कोंपाद्रे झाले होते. फोन कुठं होता कुणास ठाऊक.

“मालक, हमरस्त्यावरचा माणूस सारखा विचारतोय.”

“त्याला सांग, निवडुंग स्वतःच्या घरात लाव. थांबा इथंच राहणार.”

“आणि ऑफिसात विचारताहेत, तुम्ही निघणार कधी?”

“म्हणजे काय?” दॉन हिल्दार्दोंनी तोर्तियाचा घास चटणीत बुडवला. “शनिवारीच निघालोय की!”

टेबलाच्या टोकाला दोन्या कुकानं चष्मा पुसून नाकावर ठेवला, पार दुसऱ्या टोकापर्यंत नजर टाकली, आणि नाबोरसाठी जागा सरकवली.