चुलीचा फोटो

कुंडीतल्या मातीवर पाणी शिंपडलं की चाकणजवळचं ते उत्खनन आठवतं. एका कंपनीच्या भिंतीमागच्या टेकाडावर मी चार दिवस एकाच खड्ड्याचा तळ ब्रशने साफ करत होते, पण काहीच दिसलं नाही. पाचव्या दिवशी मैत्रीण कॅमेरा घेऊन आली. तिने मातीवर पाणी फवारलं, शिडीवरून फोटो काढला आणि ओरडली, "अगं, ही तर चूल!" ओल्या मातीत रंगांचा फरक उठून आला होता; फोटोत राखेचं काळपट वर्तुळ स्पष्ट होतं. उत्खननाचे प्रमुख असलेले आमचे सर म्हणाले, "नजर असावी तर अशी!" माझा जळफळाट झाला. पुढच्या फोटोसाठी मोजपट्टी ठेवताना मी मुद्दाम चुलीवर सावली पाडली. ती म्हणाली, "सरक जरा, तूही फोटोत ये. चार दिवस तूच राबलीस." छापील अहवालात चुलीशेजारी मी हसते आहे. फोटो सुरेख आलाय, आणि तेच मला अजून सहन होत नाही.