विसरवाडीच्या बाजारातली प्रार्थना

माझ्या पहिल्या जाहीर प्रवचनाचा लाभ एकाच जिवाला झाला, आणि तो बैल होता.

तेव्हा मी नवापूरला शाळामास्तर होतो. विसरवाडीच्या बाजारात जाऊन सुवार्ता सांगायची, असे आमच्या चर्चच्या मंडळीत ठरले आणि मी पुस्तके वाचतो म्हणून माझी निवड झाली. (तेवढ्यावरून कुणाची निवड करू नये!) सासऱ्यांची बैलगाडी घेऊन मी आणि माझी बायको रूथ निघालो.

बाजारात पोचल्यावर मी बैल सोडून चाकाला बांधले. गाठ माझी होती, एवढे सांगितले की पुरे. शेजारीच राधाबाई नावाची भाजीवाली मेथीची टोपली घेऊन बसली होती.

विषय होता, शेजाऱ्यावर प्रेम करा! शेवटी म्हणालो, "आता सर्वांनी डोळे मिटा." भली माणसे, मिटले! राधाबाईनेही मिटले. प्रार्थनेत मी अख्खा खानदेश घेतला. मधेच मागून फुसफुस ऐकू आली. कुणाला तरी रडू फुटले असे वाटून मी गहिवरलो आणि प्रार्थना आणखी लांबवली.

आमेन म्हणून डोळे उघडले, तर टोपलीत फक्त बैलाचे तोंड होते.

"मास्तर!" राधाबाई ओरडली. "मी डोया मिटी बसनू, नि तुमना बैल मन्ही मेथी खाई गया! घरमा मीठ नही शे. आते काय इकू?"

"मास्तरना देव भलता शे!" गर्दीतून कुणीतरी म्हणाले. "पहिले बैलले जेवण दिधं!"

राधाबाईच्या डोळ्यांत पाणी आले होते. आणि मी काय केले? घसा साफ केला. "बाई, क्षमा ही..."

"तुम्ही आधी बैल धरा," रूथ म्हणाली.

मी धरले. पाळकांच्या घरी न्यायची वांगी गाडीत होती, ती रूथने राधाबाईच्या टोपलीत ओतली आणि पदर खोचून तिच्याबरोबर विकायला बसली. दोघी आळीपाळीने ओरडत होत्या. उन्हे कलली तेव्हा टोपली पुन्हा रिकामी झाली.

"बाई," राधाबाईने मोठ्याने विचारले, "तुन्हा देव कसा शे वं?"

ज्या प्रश्नासाठी मी आलो होतो तो अखेर विचारला गेला, आणि मी लांब बैल धरून उभा!

परतताना मी विचारले, "काय सांगितलंस तिला?"

"घरी ये म्हटलं."

राधाबाई येऊ लागली. पुढे इतकी वर्षे येत राहिली.

गेल्या महिन्यात रूथला मूठमाती दिली. पाळक म्हणाले, "डोळे मिटू या." माझे मिटेनात. मिटले की ती दिसेनाशी होणार होती.

"मास्तर, मिटा डोया," राधाबाई कानाशी म्हणाली. "मी ध्यान ठेवस."

मिटले. आमेननंतर पाहिले, तर माझ्या बाहीचे टोक तिने मुठीत घट्ट धरून ठेवले होते. गुरे बांधणे तिला माझ्यापेक्षा नक्कीच चांगले जमत होते.