लॅपटॉपची तारीख

माझ्याकडचा ऑफिसचा लॅपटॉप रोज सकाळी दोन हजार दोन सालात जागा व्हायचा. तारीख एक जानेवारी. इकडे श्रावण संपत आलेला, सोयाबीनवर अळी, कपाशीनं माना टाकलेल्या, आणि या बाबाचं आपलं नवीन वर्ष लागलेलं.

त्याच्या पोटात शर्टाच्या गुंडीएवढा एक सेल असतो. मशीन बंद असताना तारीख-वेळ धरून ठेवायचं त्याचं काम. तो मेला होता. मोठी बॅटरीही मेली होती, त्यामुळे वायर लावली तरच मशीन चाले आणि लाईट गेली की सगळं विसरून जाई. नवा सेल घालायचा तर मशीन उघडावं लागे, आणि स्क्रूवर ऑफिसनं सील चिकटवलेलं. सील काढायला परवानगी लागे, परवानगीला साहेब लागे, आणि साहेब आठवड्यातून एकदा अमरावतीला येऊन चहा पिऊन जाई. मी तीन अर्ज दिले. मग नाद सोडला.

बरं, विंडोजमध्ये तारीख बदलायची सोयही बंद करून टाकलेली. कोणी मागची तारीख घालून खोटे फॉर्म भरू नयेत म्हणून. पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं दार सताड उघडं! कारण मशीन सुरू होतानाच काळ्या पडद्यावर अक्षरं उमटत: तारीख हरवली आहे, तसंच पुढे जायचं असेल तर एफ-वन दाबा, दुरुस्त करायची असेल तर एफ-टू. एफ-टू दाबलं की बायोसचं, म्हणजे विंडोजच्याही आधी जागं होणाऱ्या भागाचं, राखाडी-निळं पान उघडे. तिथं माऊसला कोणी विचारत नाही. बाणाच्या बटनांनी खाली यायचं, आधी महिना, मग दिवस, मग साल, असं एकेक भरायचं, एफ-टेन दाबून जतन करायचं, ‘होय’वर एंटर. पहिल्या आठवड्यात मला या पानाची धास्ती वाटे. शेजारच्या रकान्याला हात लागला आणि मशीन बसलं तर पगारातून कापतील, असं वाटे. पुढे हात इतका बसला की पोळी लाटताना सुद्धा बोटं तेच करून राहायची. लाईट दिवसातून तीनदा जाई, तर तीनदा तारीख. कंटाळा आला होता मला त्याचा. खोटं कशाला बोलू, त्या वर्षी मला सगळ्याचाच कंटाळा आला होता.

ती वर्षंच तशी होती. आमच्या वऱ्हाडातल्या गावांत एसटीपेक्षा सर्व्हेवाले जास्त येत. कोणी दिल्लीचे, कोणी मुंबईचे, आणि कोणी आमच्यासारखे इथलेच, बडनेऱ्याहून पॅसेंजर धरून मूर्तिजापूरकडे जाणारे. घरात माणसं किती, जमीन किती, विहिरीला पाणी किती, झोप लागते का. विचारून विचारून माझाच घसा बसायचा. एका म्हातारीनं तर मला तोंडावर ऐकवलं, “माय, मागच्या बाईनंबी हेच इचारलं व्हतं. तिनं लिहेलं हरपलं काय?” मी हसले. आणि फॉर्ममधला पुढचा प्रश्न विचारला.

पण आमच्या फॉर्ममध्ये एक गोष्ट खरी होती. शेतकरी घरातल्या बारावी झालेल्या मुलींना अकोल्याच्या एका संस्थेत नर्सिंगचं शिक्षण, राहणं-जेवण सगळं फुकट मिळणार होतं, आणि मुली निवडल्या जाणार होत्या त्या आमच्या फॉर्मवरूनच. फॉर्म मुदतीत भरला तर नाव, नाहीतर नाही.

मूर्तिजापूरच्या अलीकडच्या एका गावात अशी एक मुलगी होती. घर पिंजाऱ्याचं. दोन एकर काळी जमीन आणि घरात कापूस पिंजायचं मशीन. वडील सुरतेला मिलमध्ये, शेत आणि मशीन दोन्ही आईच्या अंगावर. त्या माउलीला मी चाची म्हणायचे. तिच्या केसांत कायम कापसाचे तंतू असत आणि ती बोलायची मोठ्यानं, मशीनच्या आवाजाची सवय म्हणून. मुलगी सायन्स घेऊन बारावी झालेली, गावातून पहिली. चाचीला पोरीच्या नर्सिंगशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. “गावात सुई टोचाले कोनी नाही,” ती म्हणायची, “माही पोरगी टोचीन.” मी त्यांच्या घरी दोनदा जाऊन हात हलवत परत आले होते, कारण दोन्ही वेळा लाईट नव्हती. उरला होता मुदतीचा शेवटचा दिवस. तो नेमका पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येत होता.

आता आमच्या घरचं सांगते. आमची बैलजोडी त्याच वर्षी उन्हाळ्यात विकली. बाबांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला होता, सालदार गडी मिळत नव्हता आणि वखराला ट्रॅक्टर तासावर मिळत होता. बाबांनी गोठ्यात झाडू मारायचं मात्र थांबवलं नाही. रिकामा गोठा रोज झाडायचे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदमळणी असते. बैलाचे खांदे कोमट पाण्यानं शेकायचे, हळद-लोणी चोळायचं आणि त्याच्या कानात आवतन द्यायचं, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ वर्षभर ज्या खांद्यावर जू ठेवलं त्याला एक दिवस मऊ हात. त्या संध्याकाळी बाबांनी सवयीनं वाटीत हळद-लोणी कालवलं आणि मग त्यांच्या ध्यानात आलं असावं, की चोळायला खांदे नाहीत. मी गिरणीवर गेले होते. माझी बॅग खाटेवर होती.

हे मला कळलं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी निघताना. सणाच्या दिवशी मी बॅगेला हात लावला नव्हता. लॅपटॉप बाहेर काढला तर वास आला. उघडून बघते तर झाकण जिथं खाली जोडलेलं असतं त्या दोन बिजागऱ्यांवर आणि त्यांच्या लगतच्या बटनांच्या ओळीवर पिवळंधमक लोणी!

“बाबा! अवो, काय केलं हे?”

“काहून? का झालं?”

“लोणी लावलं तुमी याले?”

“खांद्यालेच लावलं,” बाबा म्हणाले. “बाकी कुठी नाही. घरात आता राबनारं हेच एक उरलं. म्हटलं, पोयाले असं कोरडं कसं ठेवा.”

मी त्यांना वाट्टेल ते बोलले. अक्कल काढली, वय काढलं. लिहितानाही लाज वाटते. लोणी पातळ करून लावलं होतं, चोळायला सोपं जावं म्हणून, एवढंच बाबा म्हणाले. मी ओढणीनं वरवर पुसलं, गाडीची वेळ झाली होती, तशीच निघाले.

चाचीच्या घरी पोचले तेव्हा लाईट होती. दोनपर्यंत राहणार होती. घरात प्लगची जागा एकच, त्यात पिंजायच्या मशीनची वायर. चाचीनं मशीन बंद केलं, स्वतः वायर ओढून काढली आणि म्हणाली, “घाल बेटा तुही. माहा कापूस काही पळून नाही चालला.” मुलगी मार्कशीट, सातबारा, रेशनकार्ड सगळं एका पिशवीत घालून समोर बसली होती. केस चापून विंचरलेले, जणू फोटोच निघणार आहे. शेजारच्या दोन घरची माणसंही आपापले कागद घेऊन ओट्यावर आली होती.

मशीन सुरू केलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं, एफ-वन, एफ-टू. मी एफ-टू दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं, नखानं दाबलं, केसांतली पिन घालून कडेचं लोणी उकरलं. बटन खाली जाई आणि तिथंच बसून राही, आईशपथ, हूं की चूं नाही. सेल मेलेला, बॅटरी मेलेली, आणि आता हे. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! मी हसले की रडले, मलाच कळलं नाही.

उपाय मला माहीत होता. हे सांगितलंच पाहिजे. बाहेरचा कीबोर्ड जोडला की त्याच्यावरच्या एफ-टूनं बायोस उघडतं. मूर्तिजापुरात स्टेशनजवळ ओळखीचं दुकान होतं, त्यानं तासा-दोन तासांसाठी कीबोर्ड दिला असता. अकरा वाजले नव्हते. जाऊन-येऊन दीड तास. चाचीनं माझं तोंड पाहून विचारलंही, “काही आनाचं हाये काय? जाऊन ये न. आमी बसतो.” तिच्या पोरीनं तर पायात चप्पल घातली, माझ्यासोबत यायला.

आणि मला उठवेना. बाहेर ऊन चटचटत होतं, सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि घरी बाबांना बोलून आलेले शब्द डोक्यात वाजत होते. मनात म्हटलं, मरू दे. एक दिवस तारीख चुकली म्हणून काय आभाळ कोसळतं? उद्या ऑफिसात जाऊन दुरुस्त करून घेऊ.

“नको,” मी म्हटलं. “होते.”

आणि एफ-वन दाबलं.

फॉर्म छान भरला गेला. मुलगी एकेक उत्तर शाळेत उभं राहून द्यावं तसं देत होती. शेवटी चाचीनं विचारलं, “नाव पक्कं चढलं न?” मी म्हटलं, चढलं. कोपऱ्यात बारीक अक्षरांत तारीख दिसत होती, एक जानेवारी दोन हजार दोन. त्या तारखेला ही पोर प्राथमिक शाळेत असेल.

दुसऱ्या दिवशी अमरावतीच्या ऑफिसात फॉर्म चढवले. माझ्या शेवटच्या दिवसाचे तिन्ही प्रोग्रामनं बाहेर फेकले. सर्वेक्षणाच्या मुदतीबाहेर. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याला मी हातापाया पडून सांगितलं, की फॉर्म कालचेच आहेत, फक्त तारीख चुकली. तो बिचारा वाईट नव्हता. म्हणाला, “मॅडम, एकदा जतन झालेल्या फॉर्मची तारीख मलेबी बदलवता येत नाही. तुमी साहेबाले लेखी द्या, का माही चूक झाली, तारीख न भरता फॉर्म भरले. मंग तो वरून खोलून देईन.”

लेखी. त्याच महिन्याच्या शेवटी आमचे करार संपत होते. पुढच्या फेरीला कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं, ते साहेब ठरवणार होता. माझ्या पगारावर घर चालत होतं. मी कागद घेतला, ‘महोदय’पर्यंत लिहिलं. जेवणाच्या सुटीनंतर बघू म्हटलं. मग संध्याकाळी बघू म्हटलं. साहेब आला, चहा प्यायला, गेला. कागद माझ्या पर्समध्ये घडी होऊन राहिला. बाकीच्या दोन घरांत नर्सिंगला जाणारी मुलगीच नव्हती, त्यांचं नुकसान झालं नाही. नुकसान एकाच घराचं झालं.

माझा करार वाढला.

दोन महिन्यांनी दुसऱ्या फेरीसाठी त्याच गावातल्या शाळेत जावं लागलं. नर्सिंगची यादी लागून गेलेली होती. चाचीच्या घरावरून न जाता शाळेत पोचायला वाट नाही. मान खाली घालून चालले होते, तर ओट्यावरून हाक आलीच, “ओ ताई!”

मुलगी आईला पिंजायला मदत करत होती. आता तिच्याही केसांत तंतू. तिनं मला खाट दिली, पाणी दिलं, आणि समोर उभी राहिली.

“ताई, यादीत माहं नाव नाही आलं. मार्क कमी पडले का माहे?”

तिनं हा प्रश्न असा विचारला की उत्तर तिनं आधीच ठरवलेलं होतं. मला फक्त मान हलवायची होती. नाही, असं म्हणायला एक श्वास पुरे होता. नाही गं पोरी, तू कुठंच कमी पडली नाहीस, मी कमी पडले.

“हो,” मी म्हटलं. “लय चुरस व्हती.”

“मले वाटलंच व्हतं,” ती म्हणाली. “फिजिक्सनं घात केला.” मग आईकडे वळून, काही विशेष नसल्यासारखं, “म्या तुले म्हटलं व्हतं न अम्मी, माह्यात तेवढी हुशारी नाही म्हून. गावातली पहिली म्हंजे का, गावातच पहिली.”

चाचीनं मशीन बंद केलं. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “असू दे बेटा. तू घरी येऊन सांगतलं तरी. बाकीचे लिहून घेऊन गेले, ते तोंड दाखवाले बी नाही आले.” आणि माझ्यासाठी चहा ठेवायला आत गेली.

मुलगी माझ्याशेजारी खाटेवर बसली आणि पुढच्या वर्षी डी.एड.ला कमी मार्क चालतात का, ते मला विचारू लागली.