कीर्तीनगरची गाठवाली फळी

मिरजेहून निघताना माझ्या वहीत सतरा नोंदी होत्या. रंधा, कानस, पटाशी, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या, शाईचं पेन, धनुष्याच्या मापाचा कागद आणि जुन्या साडीत गुंडाळलेली सहा फुटी बांबूची कामटी. स्वेटर बाराव्या क्रमांकावर होता. दिल्लीच्या थंडीत त्याची जागा चुकली हे नंतर कळलं.

मी शाळेत प्रयोगशाळा सांभाळते आणि घरामागच्या शेडमध्ये लाकडी धनुष्यं बनवते. बारा वर्षांत त्रेचाळीस दिली. त्यांतलं एकच मोडलं, आणि तेही माझ्या नणंदेच्या हातात. वन्सं दिल्लीच्या लष्करी छावणीत राहतात. त्यांचे यजमान, भाऊजी, सुभेदार आहेत. पन्नाशी उलटल्यावर वन्संनी तिथल्या बायकांबरोबर तिरंदाजी सुरू केली. दिवाळीत मी त्यांना धनुष्य पाठवलं. महिन्याभरात ते ताणताना फुटलं आणि ढलपी उडून त्यांच्या हनुवटीला दोन टाके पडले. आता बायकांची स्पर्धा नऊ दिवसांवर आली होती. भाऊजी फोनवर म्हणाले, "रेडिमेड आणून देतो." ते मला लागलं. मी तिकीट काढलं.

निजामुद्दीनला गाडी धुक्यामुळे चार तास उशिरा पोचली. वन्सं शालीत गुरफटून उभ्या होत्या. हनुवटीवरची खूण लांबूनही दिसत होती. आम्ही मेट्रोच्या दाराशी गेलो तर तपासणीचा जवान साडीच्या गुंडाळीकडे बोट दाखवून म्हणाला, "यह लाठी अंदर नहीं जाएगी."

"लाठी नहीं, बाँस की पट्टी है," मी म्हटलं.

"किसलिए?"

"धनुष बनाने के लिए."

त्याने हात आडवा धरला. "तब तो बिल्कुल नहीं जाएगी, माताजी."

वन्सं रिक्षेत बसेपर्यंत हसत होत्या. "चलो, निदान खरं तरी बोललात," त्या म्हणाल्या. कामटीचं एक टोक पूर्ण रस्ताभर बाहेर हवा खात होतं.

क्वार्टरमध्ये चहाच्या आधी मी मोडकं धनुष्य मागून घेतलं. फळीच्या तोंडावरच्या, म्हणजे रुंद बाजूवरच्या, रेषा सरळ होत्या, त्यावरच मी भाळले होते. कडेने पाहिलं तेव्हा खरा प्रकार दिसला. लाकडाचे धागे तिरपे चढत गेले होते आणि नेमके जिथे वाक जास्त, तिथेच निशाणाकडच्या बाजूतून बाहेर पडले होते. हे पहिलं कारण. दुसरं कारण माझ्या वहीत होतं आणि ते मला मिरजेपासून टोचत होतं. 'पूर्ण ताण, तीस वेळा' या नोंदीपुढे मी बरोबरची खूण केली होती. ताणलं मात्र एकदाही नव्हतं. नेणाऱ्या पाहुण्यांची गाडी सकाळची होती. मी आधी खूण केली आणि मग वेळच उरला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही कीर्तीनगरच्या लाकूडबाजारात गेलो. गल्लीच्या दोन्ही बाजूंना फळ्या उभ्या, हवेत भुशाचा वास, आणि ट्रकमधून ओंडके उतरवणाऱ्यांच्या आरोळ्या. मला ॲश हवं होतं. फिकट, चिवट, परदेशी लाकूड. क्रिकेटचे स्टंप याचेच करतात. अगदी निर्दोष फळी मिळणार नाही हे मी धरूनच चालले होते. म्हणून तर कामटी आणली होती. धनुष्याची निशाणाकडची बाजू म्हणजे पाठ. ताण तिथे बसतो. पाठीवर बांबू चिकटवला की तो ताण बांबू घेतो आणि लाकडातले थोडे दोष चालून जातात. थोडेच. कुठले, हे ओळखता आलं पाहिजे.

माकडटोपी घातलेल्या एका दुकानदाराने चार फळ्या काढून दिल्या. मी पेन उघडलं आणि प्रत्येक फळीवर, तोंडावर आणि कडेला, टोकापासून टोकापर्यंत शाईचे थेंब सोडले. शाई धाग्याच्या वाटेनेच पसरते. डोळा फसतो, शाई फसत नाही.

"मैडम! यह क्या कर दिया?"

"रेशा देख रही हूँ."

"रेशा आँख से देखते हैं. पेन से कौन देखता है?"

"भैया, स्कूल में काम करती हैं," वन्सं मध्ये पडल्या. "जो दिखे, उस पर निशान लगा देती हैं."

"तो जिन चार पर लगाया, उन्हीं में से एक उठानी पड़ेगी. पाँचवीं नहीं निकालूँगा."

पहिलीला आतपर्यंत चीर होती. दुसरीच्या कडेलाच गाठ. तिथून ती मोडणारच. तिसरीवर शाई तिरपी धावून थेट कडेबाहेर गेली. चौथी सात फुटी होती. सहा फुटांपर्यंत शाई सरळ, शेवटच्या फुटात मात्र धागे कडेकडे वळलेले. आणि साधारण मध्यावर अंगठ्याच्या नखाएवढी एक गाठ. मी मापाचा साडेपाच फुटी कागद चांगल्या टोकापासून फळीवर पसरला, म्हणजे वाईट टोक पुरतं वगळता येईल. गाठ नेमकी धनुष्याच्या वाकणाऱ्या भागात आली. माझ्या यादीत स्पष्ट लिहिलं होतं: गाठ नको. मी फुली मारायला पेन टेकवलं.

"थांबा हो," वन्सं म्हणाल्या. त्या छावणीतल्या बायकांचे ब्लाउज शिवतात. "ब्लाउजपीसला डाग असला तर काय पीस फेकून देतो? डाग शिवणीत घालायचा. तुमच्या धनुष्यात न वाकणारा भाग कुठला?"

"मूठ."

त्यांनी कागद वीतभर सरकवला. गाठ मुठीत गेली, जिथे लाकूड जाड राहतं आणि वाकत नाही. वाईट टोकातली जेमतेम चार बोटं धनुष्याच्या शेंड्याला आली; तिथेही वाक जवळजवळ नसतो. दोन्ही दोष एका सरकवण्यात जागेवर बसले. बारा वर्षं मी दोष टाळत आले होते. त्यांना जागा द्यायची असते हे मला एका शिंपिणीने भर बाजारात शिकवलं, आणि ती माझी नणंद होती याचा मला केवढा अभिमान वाटला!

"यही दे दो," मी म्हटलं.

"सबसे रद्दी वाली?" दुकानदार खूश झाला.

बाहेर गाडीवर शकरकंदी (भाजलेलं रताळं, वर लिंबू आणि मसाला) खाताना मी वही उघडून वन्संना ती खूण दाखवली आणि खरं काय ते सांगितलं. त्यांनी काडीने रताळ्याचा तुकडा टोचला आणि वही जवळ घेऊन पाहिली.

"तीस वेळा ओढल्यावर माझ्या हातात चमचा राहत नाही, वहिनी. ही खूण बघा, कशी छापल्यासारखी. तुम्ही ओढलंच नव्हतं हे कुणीही सांगेल."

"चुकले मी."

"हं. टाके माझ्या हनुवटीला, आणि रडवेलं तोंड तुमचं. अच्छा, आता ह्या खेपेला खूण मी करणार."

"पण पहिले पंधरा ताण माझे. फुटलं तर माझ्या तोंडावर फुटू दे."

"बिल्कुल," वन्सं म्हणाल्या आणि उरलेली शकरकंदी माझ्यापुढे सरकवली.

फळी ई-रिक्षात आडवी बसेना. शेवटी चालकाच्या खांद्याशेजारून पुढे काढली आणि छावणीच्या फाटकापर्यंत मी ती मांडीवर धरून बसले. पुढचे दोन दिवस व्हरांड्यात काम चाललं. फळी कापली, रंधली, कामटी पाठीवर सरसाने चिकटवली आणि ट्यूबच्या पट्ट्यांनी टोकापासून टोकापर्यंत करकचून आवळली. थंडीत सरस वाळेना. मग आम्ही धनुष्याला रजईत घातलं आणि शेजारी गरम पाण्याची पिशवी ठेवली. भाऊजी ड्यूटीवरून आले आणि पलंगाकडे बघून दबक्या आवाजात म्हणाले, "कोण आजारी आहे?"

"माझं धनुष्य," वन्सं म्हणाल्या. "आवाज करू नका."

शुक्रवारी दोरी चढवली. शेजारच्या तीन-चार बायका लांब अंतर राखून उभ्या राहिल्या. मी ओढलं. पहिल्या ताणाला बांबू किंचित करकरला. दुसऱ्याला आवाज कमी, पाचव्यानंतर नाहीच. पंधरा झाल्यावर मी धनुष्य वन्संच्या हातात दिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि हनुवटी आत ओढली. पहिला ताण अर्धाच आला. दुसराही अर्धा. चौथ्याला त्यांनी डोळे उघडले, पाचव्याला दोरी पूर्ण गालापर्यंत आली. अर्धे वगळून दोघींचे मिळून तीस पूर्ण ताण झाल्यावर त्यांनी पेन मागितलं. वहीत केलेली त्यांची खूण सापासारखी वाकडी आली.

रविवारी धुकं उशिरा विरलं. अकरा बायकांत वन्सं चौथ्या आल्या. मला तो पहिला नंबरच वाटला. एकाही बाणाला त्यांनी डोळे मिटले नाहीत. मुठीजवळची गाठ बघून एका पंजाबी बाईने विचारलं, "दीदी, यह कौन सी कंपनी का है?"

"मिरज का," वन्सं म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही, इतक्या त्या ऐटीत होत्या.

परतीच्या गाडीत मी वही काढली. त्रेचाळीस धनुष्यांच्या त्रेचाळीस सुबक खुणा आणि त्यांच्या खाली एक वाकडी. त्या पानावर खरा भरवसा ठेवावा अशी तीच एक वाटली. दोष फळीत होता तसा माझ्यातही होता. फळीतला शाईने दाखवला, माझ्यातला वन्संनी.

घरी पोचले त्याच आठवड्यात त्यांचा फोन आला. शेजारच्या बाईला धनुष्य हवं होतं. "पण वहिनी, तिला गाठवालंच पाहिजे म्हणते. मुठीत. माझ्यासारखं."

माझ्याकडे शेडमध्ये एकही गाठवाली फळी नव्हती. इतकी वर्षं मी त्या वेचून बाहेर काढत आले होते. मी नवीन पान उघडलं. पहिल्याच ओळीत लिहिलं, 'पूर्ण ताण, तीस वेळा', आणि त्याच्यापुढचा चौकोन कोरा ठेवला.