आत्याचा बोका आणि बाबांच्या गोळ्या

कोणी आजारी आहे असं कळलं की बाबांचा चेहरा उजळायचा. ऐकायला वाईट वाटतं, पण खरं आहे. एरवी ते कचेरीतून यायचे, हातपाय धुवायचे आणि पडवीत गप्प बसून राहायचे. कचेरीत ते कारकून म्हणून लागले आणि कारकूनच राहिले. मागून आलेली माणसं पुढे गेली. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत, पण त्यांना कोणी काही विचारत नाही हे आम्हाला दिसत होतं.

मग त्यांना होमिओपॅथी सापडली. मुंबईहून पुस्तकं मागवली, पोस्टाने एक कोर्स केला, आणि साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्यांच्या बाटल्यांनी भरलेली एक लाकडी पेटी घरात आली. शेजारीपाजारी सर्दीखोकल्याला, लहान मुलांच्या दातांना गोळ्या न्यायला येऊ लागले. बाबा समोरच्याला बसवून प्रश्न विचारायचे. तहान कशी लागते? झोपता कुठल्या कुशीवर? लोक मन लावून उत्तरं द्यायचे. त्या अर्ध्या तासात बाबा वेगळेच माणूस असायचे.

हे ऐंशीच्या दशकातलं. मी रत्नागिरीलाच कॉलेजात होते. आमचं घर भाट्याच्या खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्याला. आमच्या आणि शेजारच्या घराच्या मध्ये चिऱ्याच्या दगडांचा कमरेएवढा गडगा होता. पलीकडे आत्या राहायची. ती सख्खी आत्या नव्हे. तिचं माहेर दूर, आंजर्ल्याकडे. नवरा बोटीवर, वर्षातले बरेच महिने समुद्रात. मूलबाळ नव्हतं. पहिल्याच दिवाळीत तिने बाबांना भाऊबीजेला ओवाळलं, तेव्हापासून बाबा तिचे भाऊ, आई तिची वैनी आणि ती आमची आत्या. घरात तिच्या सोबतीला एक भलामोठा पिवळा बोका होता. नवऱ्यानेच तो पिल्लू असताना बंदरावरून खिशात घालून आणला होता. बोटीवरून पत्र आलं की त्यात आधी बोक्याची चौकशी असायची, असं ती हसत सांगायची.

आमच्याकडे कुत्रा होता. लालसर, साधा गावठी. एका पावसाळ्यानंतर त्याने खाणं सोडलं. कोपऱ्यात पडून राहायचा. अंग तापलेलं. बाबांनी त्याच्यासमोर पाट मांडला आणि त्याला बराच वेळ न्याहाळलं. तो बोलू शकत नव्हता, म्हणून प्रश्न मला आणि आईला.

"पाणी थोडं थोडं पितो की एकदम?"

"थोडं थोडं," आई म्हणाली.

"उन्हात बसतो की सावलीत?"

"तो मेला कुठेही पडतोय."

बाबांनी पुस्तक उघडलं, गोळ्या काढल्या. त्या चालू असताना कांदा, लसूण, कॉफी वर्ज्य. कुत्रा कॉफी पीत नसल्यामुळे तो प्रश्न सुटला, पण आई त्याच्यासाठी बांगड्याची डोकी वेगळी, बिनलसणीची शिजवू लागली. कुत्रा ती हुंगून मान फिरवायचा. चार-पाच दिवसांत तो उठेनासा झाला. आईने त्याचा ओठ वर करून मला दाखवला. हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

बाबा कचेरीत गेल्यावर आई म्हणाली, "चल गो, रिक्षा बघ."

आम्ही त्याला जुन्या लुगड्यात गुंडाळून गुरांच्या दवाखान्यात नेलं. तेव्हा कुत्र्याला दवाखान्यात नेणं म्हणजे लोकांना हसू यायचं. तिथे म्हशी, बैल, एखादी शेळी, आणि मधे आम्ही दोघी मांडीवर कुत्रा घेऊन. डॉक्टरांनी त्याच्या कानामागून आणि बोटांच्या बेचक्यांतून गोचिडी काढून दाखवल्या. गोचिडीचा ताप आहे, म्हणाले. इंजेक्शन दिलं, पुन्हा यायला सांगितलं. आम्ही पुन्हा गेलो, मग परत एकदा. प्रत्येक वेळी बाबा कचेरीत असताना.

"बाबांना बोलू नको हं," परत येताना आई रिक्षात म्हणाली. "त्यांचं तेवढंच एक आहे."

मला ते पटलं. त्यात काही चुकतंय असं मनातसुद्धा आलं नाही.

संध्याकाळच्या गोळ्या चालूच होत्या. कुत्रा आधी शेपूट हलवू लागला, मग पेज प्यायला, मग एका सकाळी गडग्यावर उडी मारून आत्याच्या बोक्यावर भुंकला. बाबांनी मला हाक मारली. त्यांचे डोळे भरून आले होते.

"बघितलंस? माणूस निदान आशेवर बरं होतं असं लोक म्हणतात. याला कुठली आशा? हे निव्वळ औषध."

मी "हो" म्हटलं. आई आत जाऊन भांडी घासू लागली.

ती गोष्ट बाबांनी कचेरीत सांगितली, बाजारात सांगितली. मग लोक जनावरं घेऊन यायला लागले. कोणाची लंगडणारी शेळी, कोणाचा पिसं गळणारा पोपट, टोपलीखाली माना टाकून बसलेल्या कोंबड्या. एक गृहस्थ हातखंब्याहून म्हशीच्या आजाराचं वर्णन घेऊन आले आणि पुडी बांधून घेऊन गेले. बाबा कधी कोणाकडून काही घेत नसत. काही जनावरं बरी झाली, काहींचं पुढे कळलं नाही. मी आणि आई स्वयंपाकघरात एकमेकींकडे बघून हसायचो. आई पदर तोंडाला लावायची. आमच्या त्या हसण्यात प्रेम होतं असं मी स्वतःला सांगत आले आहे. होतंही. पण त्यात बाबा लहान मूल होते आणि आम्ही दोघी मोठ्या होतो, हेही होतं.

पुढच्या उन्हाळ्यात आत्याचा बोका आजारी पडला. आत्या गडग्यापाशी येऊन बाबांना हाका मारू लागली.

"भाऊ, जरा येता काय? हा सारखा राखेत जाऊन बसतोय. बसतो, कुंथतो, काहीच होत नाही. मग ओरडतो."

बाबा गेले. मीही गेले. बोका चुलीमागच्या राखेच्या ढिगावर वाकून बसला होता. उठला, दोन पावलं चालला, परत बसला. बाबांनी त्याच्या पोटाला हात लावला तसा तो फिस्कारला. बाबांनी पोट साफ होत नसावं असं ठरवलं आणि पाण्यात गोळ्या विरघळवून दिल्या. दुसऱ्या दिवशी तो जास्तच ओरडू लागला. आत्या घाबरली. बाबांनी तिला समजावलं.

"याचा अर्थ औषध लागू पडतंय. आपल्या औषधाने आधी दुखणं वर येतं, मग उतरतं. धीर धरायचा."

आत्याने मान हलवली. बाबांच्या तोंडून आलेल्या शब्दावर तिचा विश्वास कसा बसायचा ते तिच्या खांद्यांवरून कळायचं. खांदे खाली यायचे.

त्या संध्याकाळी आई वाटीत सार घेऊन तिच्याकडे गेली. बाबा तिथेच बाकावर बसले होते. बोका ओकत होता आणि कोणाला जवळ येऊ देत नव्हता. आईने त्याच्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "ताई, एकदा दवाखान्यात दाखवूया काय? नुसतं दाखवायला."

आत्या आश्चर्याने म्हणाली, "कशाला, वैनी? तुमचा कुत्रा तर मरायला टेकला होता. भाऊंनीच उठवला ना त्याला?"

बाबांनी आईकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. फक्त थोडं दुखावलेपण होतं, की घरच्याच माणसाने शंका घ्यावी. आईने माझ्याकडे पाहिलं. मी खाली, राखेतल्या पावलांच्या ठशांकडे बघत राहिले. आई म्हणाली, "तेही खरंच," आणि वाटी ठेवून घरी आली.

घरी ती चुलीपुढे बसून राहिली. "सांगायला हवं गो," ती एकदा म्हणाली. मी म्हटलं, "उद्यापर्यंत बघूया. होईलही बरा." हे वाक्य माझं. आईचं नव्हे.

सकाळी आत्याची हाक आली तेव्हा हाकेतच कळलं. बोका एका अंगावर पडला होता, पोट टम्म, डोळे उघडे पण कशाकडे बघत नसलेले. बाबा पेटी घेऊन धावले होते आणि घाईघाईने बाटली शोधत होते. आई मागून आली. चुलीवरचं तसंच टाकून आली होती, हाताला पीठ होतं.

"ते ठेवा," ती बाबांना म्हणाली. "आमचा कुत्रा गोळ्यांनी बरा झाला नाही. मी त्याला दवाखान्यात नेला होता. इंजेक्शनं दिली होती."

बाबांना आधी कळलंच नाही. "कधी?" त्यांनी विचारलं.

"तेव्हाच. तुम्ही कचेरीत असताना. ही होती माझ्याबरोबर."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी बाटली पेटीत ठेवली, पेटी बंद केली, आणि खांद्यावरच्या पंच्यात बोक्याला उचलून घेतलं. चप्पलसुद्धा न घालता रस्त्यावर जाऊन त्यांनी रिक्षा थांबवली. आत्या त्यांच्या शेजारी बसली. मी समोर, रिक्षावाल्याच्या बाजूला. आई घरी राहिली.

डॉक्टर तेच होते. त्यांनी पोट दाबून पाहिलं. लघवी तुंबली आहे, म्हणाले, बोक्यांना असं होतं. नळी घालायचा प्रयत्न केला, बराच वेळ. मला ओळखून विचारलं, "कुत्रा कसा आहे?" मी "बरा आहे" म्हटलं. बाबा भिंतीला टेकून अनवाणी उभे होते. त्यांनी तो प्रश्न ऐकला, उत्तरही ऐकलं.

"विष अंगात भिनलंय," शेवटी डॉक्टर म्हणाले. "काल आणला असता तर..." आणि बाबांच्या चेहऱ्याकडे लक्ष जाताच हात धुवायला वळले. बोका तिथेच, टेबलावर गेला.

आत्याच्या घरामागे फणसाखाली बाबांनी स्वतः खड्डा काढला. ते कातळावरचं घर, कुदळ खणखण वाजायची. कोणाला हात लावू दिला नाही. आत्या पायरीवर बसून होती. बाबा तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले. माझ्या बाबांनी कोणापुढे असे हात जोडलेले मी त्याआधी पाहिले नव्हते, आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"भाऊ, असं करू नका," आत्या म्हणाली. "तुम्हाला ठाऊक नव्हतं." मग ती आईकडे वळली. आई गडग्यापाशी उभी होती. "तुला ठाऊक होतं, वैनी."

एवढंच. आवाजही चढवला नाही. माझ्याकडे तिने बघितलं नाही. मला वाटतं, मी तिच्या लेखी पोर होते, माझा हिशेब तिने धरलाच नाही. तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं. आता त्या सुटकेचीच जास्त लाज वाटते, कारण त्या रात्रीपुरतं गप्प बसायला मीच सुचवलं होतं, आणि आईने ते कधी कोणाला सांगितलं नाही.

घरी आल्यावर बाबा आईला म्हणाले, "म्हणजे तुम्ही दोघी मला सांभाळून घेत होतात."

आई म्हणाली, "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"आणि लोक यायचे, मी सांगायचो, तेव्हा?"

आई उठून चुलीपुढे जाऊन बसली. आम्ही आत हसायचो हे त्यांना कळलं असेल का, हा प्रश्न मला अजून पडतो. भिंती काही फार जाड नव्हत्या.

त्यानंतर कोणी जनावर घेऊन आलं तर बाबा म्हणायचे, "मला यातलं कळत नाही, दवाखान्यात चला," आणि कचेरीला उशीर करून बरोबर जायचे. दिवाळीत आत्या ओवाळायला आली. ताट आईने तयार केलं होतं; आत्याने ते आईच्या हातून न घेता, खाली ठेवायला लावून मग उचललं. पुढे तिचा नवरा आला तेव्हा त्याला तिने काय सांगितलं माहीत नाही. तो बाबांशी नेहमीसारखा बोलला, बोटीवरून आणलेली टॉर्च त्यांना दिली. आईशी तिचं बोलणं हळूहळू सुरू झालं, मिठामिरचीपुरतं. गडग्याला टेकून तासन्‌तास गप्पा मारायच्या, ते मात्र गेलं.

बाबांमध्ये एक बदल झाला तो आम्हालाच ठाऊक. कोणी चांगलं म्हटलं की ते त्या माणसाकडे क्षणभर बघत राहायचे. मी त्यांच्यासाठी स्वेटर विणला, त्यांनी घालून दाखवला. मी म्हटलं, छान दिसतोय. त्यांनी विचारलं, "दिसतोय, की मला बरं वाटावं म्हणून?" विनोदाने विचारलं होतं. मला हसता आलं नाही.

एकदा आई तापाने पडली होती. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा मासे आणून कालवण केलं. मला नि आईला ताटं वाढली आणि समोर बसले. मी पहिल्याच घासाला म्हटलं, "मस्त झालंय."

आईने भात कालवला, दोन घास खाल्ले. "मीठ जास्त पडलंय," ती म्हणाली. "आणि कोकम विसरलात."

बाबा तिच्याकडे बघत राहिले आणि मग मोकळं हसले, कितीतरी दिवसांनी. "होय ना? मलाही तेच वाटत होतं," म्हणत ते कोकमं आणायला उठले.

मी माझ्या ताटाकडे बघत जेवत राहिले.