डावीकडे चार, उजवीकडे सात

शहरातले टेलिफोन नंबर पुरेनात, म्हणून कंपनीने शहराचे दोन भाग पाडले. मोठ्या रस्त्याच्या उत्तरेला नंबराआधी चार, दक्षिणेला सात. समोरच्या फुटपाथवर फोन करायचा तरी हा कोड लावायचाच.

दुकानांच्या पाट्यांवर नंबराआधी हा कोड रंगवून घेणाऱ्यांची पेंटरकाकांकडे रीघ लागली. तीस वर्षं पाट्या रंगवून त्यांचं अक्षर मोत्यासारखं झालं होतं, पण दिशांच्या नावाने ठणठणाट. त्यांनी आपल्यापुरता सोपा हिशेब केला: डावीकडे चार, उजवीकडे सात. पहिल्या दिवशी खांद्यावर शिडी टाकून पुलापासून निघाले आणि निम्मा रस्ता उरकला. दुसऱ्या दिवशी डोळ्यांवर ऊन नको म्हणून उलट्या टोकाने सुरुवात केली. डावीकडे चार, उजवीकडे सात. सुईणबाईंची पाटी उजवीकडे आली. सात.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याच लेकीला कळा सुरू झाल्या. पहिलीच खेप.

"बघत काय बसलात? सुईणबाईंना फोन लावा!" काकू ओरडल्या.

काकांनी सात लावला.

"मी रिटायर्ड हेडमास्तर बोलतोय," पलीकडून आवाज आला. "कालपासून तुम्ही पाचवे. मी बाळंतपणं करत नाही!"

काका फोन धरून जागच्या जागी वळले, दोन्ही हात पसरले, पुन्हा वळले. "अगं, पुलाकडे तोंड केलं तर उजवीकडे. पाठ केली तर..."

"तर काय?"

"तर डावीकडे गं! पण घर तर तेच!"

आतून लेक कळवळली. "अहो बाबा, पाटी रंगवायला चालतच गेलात ना? मग आताही चालतच जा!"

काका अनवाणी धावले. सुईणबाई फोनजवळ गालाला हात लावून बसल्या होत्या. "कालपासून घंटा नाही. लोकांनी पोरं होऊ द्यायचं थांबवलं की काय?"

"माझ्या घरी थांबलेलं नाही," काका धापा टाकत म्हणाले. "आधी चला."

दुपारी नात झाली. दोघी सुखरूप. तिला डोळे भरून पाहिलं आणि काका पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन बाहेर पडले. सुईणबाईंचा सात पुसून त्यांनी चार काढला. मग शिडीवरूनच रस्ता न्याहाळला. दुसऱ्या दिवसाच्या सगळ्या पाट्या चुकल्या, एवढं डोक्यात शिरलं होतं. पण पहिला दिवस नेमका कुठे संपला? लोहाराजवळ, की चष्मेवाल्याजवळ? दोन्ही पाट्यांवरचं अक्षर सारखंच सुरेख होतं.