मद्रिनेनं खेचर नेलं

निकानोराबाई जाऊन नऊ वर्षं झाली, पण कुणी नाव काढलं की मला आधी त्यांची जीभ आठवते, मग त्यांच्या भाकऱ्या. आम्ही सरहद्दीपलीकडच्या सोनोराची माणसं कॅलिफोर्नियात सोनं काढायला आलो, तशा त्याही आल्या. पण नदीत त्यांनी कधी पाय बुडवला नाही. "दिवसभर गारठ्यात वाकून उपाशी झोपायला मी काय गोरी आहे?" म्हणायच्या, आणि मक्याच्या भाकऱ्या नि तिखट घेवडा विकायच्या. गोरे आम्हाला 'तेलकट' म्हणत आणि तोच घेवडा बोटं चाटून खात. आमच्यातल्या निम्म्या पोरांना बाप्तिस्म्याच्या वेळी बाईंनी हातांवर धरलेलं, म्हणून त्या सगळ्यांच्या मद्रिना, म्हणजे धर्ममाता. माझ्याही.

आता घोटाळा असा, की आम्ही खेचरवाले आणखी एकीला मद्रिना म्हणतो. तांड्याच्या पुढे गळ्यात घंटा बांधलेली घोडी चालते ना, तिला. खेचरांचा तिच्यावर भलता जीव. घोडी नदीत उतरली की खेचरंही नदीत.

एका सकाळी माझी घोडी चरत चरत पर्डीच्या दारावरून गेली. पर्डी म्हणजे गुत्तेवाला. त्याचं करडं खेचर कुंपण मोडून तिच्यामागे निघालं आणि माझ्या गोठ्यात येऊन निवांत उभं राहिलं. झालं. दुपारपर्यंत शंभरेक गोऱ्यांनी मला ओढत गुत्त्यावर नेलं. फिर्यादी पर्डी, न्यायाधीशही पर्डी, आणि बारा पंच त्याचीच गिऱ्हाइकं. बाहेर ओकच्या फांदीला दोर बांधून झाला होता, निकाल तेवढा राहिला होता.

दुभाष्या होता लेस्टर. गोऱ्यांची आमच्याशी लढाई झाली त्या वेळी तीन आठवडे आमच्या मुलखात राहिलेला, त्यातले दोन हगवणीत गेले.

"खेचर कुणी नेलं?" त्यानं विचारलं.

"मद्रिनेनं," मी खरं ते सांगितलं.

लेस्टरनं ध चा मा केला. म्हणाला, "याच्या धर्ममातेनं नेलं म्हणतो." हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं, की दहा बंदूकवाले बाईंच्या झोपडीकडे धावले आणि मला, साथीदार म्हणून, एका खोक्यावर उभं करून गळ्यात दोर अडकवला.

बाई तव्यापुढे होत्या म्हणे. दहा नळ्या समोर बघून म्हणाल्या, "थांबा रे मेल्यांनो, भाकरी करपेल." शब्द त्यांना कळले नाहीत, पण दटावणी कळली. भाकरी उतरेपर्यंत दहाही जण उभे राहिले. एकाच्या हातात बाईंनी टोपली दिली, ती त्यानं धरलीसुद्धा.

झाडाखाली आल्यावर त्यांनी मला बघितलं आणि त्यांचं तोंड पांढरं पडलं. पण लेस्टरनं आरोप सांगितला, तसे त्यांनी डोळे बारीक केले.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मद्रिनाच चोर. पण मद्रिना दोन आहेत, दादा. दुसरीलाही आणा. एकटी मी का लटकू?"

"दुसरी कुठंय?"

"याच्या गोठ्यात. जरा लाजाळू आहे, धरून आणा."

आणली. घंटा वाजवत घोडी रस्त्यानं निघाली आणि छावणीत एकच गोंधळ उडाला. कुणाचं कुंपण मोडलं, कुणाचा तंबू खुंट्यांसकट घसरत आला. वीस-पंचवीस खेचरं घोडीभोवती दाटीवाटीनं उभी राहिली, त्यांत पाच तर पंचांचीच.

बाईंनी पर्डीपुढे मान लववली. "घ्या, न्यायाधीशसाहेब. भरदिवसा, तुमच्या देखत एवढी चोरी. द्या फाशी. फक्त दोर जाड घ्या, बाईमाणूस अंगानं भरलेली आहे."

लेस्टरनं कसंबसं सांगितलं. आधी एक पंच फिसकन हसला, मग सगळा जमाव पोट धरून हसायला लागला. पर्डीची मान लाल झाली, पण हसणाऱ्यांपुढे काय करतो? माझ्या गळ्यातला दोर निघाला.

सुटलो वाटलं. पण माणसं काम टाकून आली होती, रिकाम्या हातानं जाणार कशी? पंचांनी माझ्या पाठीवर पंचवीस फटके ठरवले, आणि तेलकटांनी दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत छावणी सोडायची. गुन्हा? गोऱ्यांची खेचरं बिघडवली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर चोरच नव्हता.

बाई माझ्या पाठीला चरबी चोळत होत्या. मी कण्हता कण्हता म्हणालो, "काय फजिती केलीत मद्रिना त्यांची. जन्मभर सांगेन."

त्यांचा हात थांबला. "सांग. पण आपण खरे होतो म्हणून सुटलो, असं सांगू नकोस. त्यांना हसू आलं म्हणून सुटलो."

मला राग आला होता तेव्हा. एवढी जिंकलेली बाजी, आणि ही बाई असं बोलते.

पुढच्या वसंतात, दोन खोरी पलीकडे, असल्याच एका खेचरापायी आमच्या गावच्या एउस्तोलिओला धरलं. त्यानंही मद्रिनेचंच नाव घेतलं, आणि तिथल्या दुभाष्यानं तर अगदी बरोबर सांगितलं. एउस्तोलिओ गंभीर माणूस होता. त्याला कुणाला हसवता येत नसे.